ठरावात लिहिलेली नदी

गोंदियाजवळ फुलचूरला आमच्या घराच्या बाजूला एक दुमजली घर चढतंय. गेल्या आठवड्यात तिथल्या टिप्परवाल्याने रेती टाकली ती थेट आमच्या फाटकासमोर. शेजारणीला वाटलं, आता ही भांडणार. माझा लौकिकच तसा आहे. टँकरवाल्यापासून भाजीवालीपर्यंत मी कुणाला सोडलेलं नाही. पण मी भांडले नाही. चप्पल काढून ढिगाशी गेले आणि कोपरापर्यंत हात आत घातला. वरून तापलेली, आत गार आणि ओलसर. शेजारीण म्हणाली, "भाभी, क्या ढूँढ रहे हो, सोना है क्या?" मी म्हटलं, "सोन्याहून बरं होतं एकेकाळी." तिला काय कळणार. ती हसली आणि आत गेली.

मी आमगावची. वडिलांचं किराण्याचं छोटं दुकान होतं, घरात सगळा कारभार कागदावर चालायचा. नदी म्हणाल तर ती मी रेल्वेच्या खिडकीतून पाहिलेली. बारावी झाले आणि मला दवनीवाड्याच्या पलीकडे, अगदी नदीकाठच्या गावात दिलं. घरात सासू नव्हती, ती माझ्या लग्नाआधीच गेलेली. नवरा, सासरे आणि मी, एवढीच माणसं. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. दोन एकर धानाचं शेत होतं, त्यातून घरापुरता तांदूळ निघायचा. शेत नवरा पाहायचा. मामाजी शेतात जायचे ते कर्तव्य म्हणून. त्यांचा जीव होता नदीत.

दिवाळीनंतर नदी आटायला लागते आणि रेती उघडी पडते. त्या रेतीत गावातली दहा-बारा घरं टरबुजाच्या आणि डांगराच्या वाड्या लावायची. डांगर म्हणजे आमच्याकडचं खरबूज, पिवळंधमक, घरात एक ठेवलं तर ओसरीपर्यंत वास येईल असं. ती रेती कुणाच्याच नावावर नव्हती. सातबारा नाही, पट्टा नाही, काही नाही. तुळशीचं लग्न लागलं की एका सकाळी सगळे वाडीवाले सात हाताचा एक बांबू घेऊन नदीत उतरायचे. त्या दिवशी पाण्याची कड जिथं असेल तिथून मोजायला सुरुवात. गेल्या साली ज्याला पहिला तुकडा मिळाला तो यंदा शेवटी. नदी इकडं सरकली तर मोजणी इकडं, तिकडं सरकली तर तिकडं. तासाभरात वाटप आटपायचं आणि सगळे तिथंच बसून चहा प्यायचे.

लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत मी घरचं काम उरकून नदीवर गेले. डोक्यावरून पदर, हातात डबा. मामाजी गुडघ्यावर बसून हातानं खड्डे उकरत होते. मला पाहून म्हणाले, "तू काऊन आलीस वं बाई?"

"डबा आणला, मामाजी."

"डबा ठेव आन् बस. आन् तो पदर सोड डोक्यावरचा. रेतीत तुले कोण पाहून रायलं?"

सहा महिन्यांत मला तिथं कुणी पदर सोड म्हटलं नव्हतं. मी बसले. त्यांनी मला शिकवलं. ओल लागेपर्यंत उकरायचं, ओल लागली की थांबायचं. मग ओंजळभर शेणखत, त्यावर फडक्यात बांधून मोड आणलेल्या बिया, आणि वरून रेती लोटायची ती तळहातानं नाही, हाताच्या मागच्या बाजूनं, म्हणजे दाबली जात नाही. मी तळहातानंच लोटायची. ते काही न बोलता परत उकरून नीट करायचे. बाजूच्या वाडीतली बाई म्हणायची, "सुनेच्या मांगं मांगं सासरा बी पेरून रायला." मामाजी म्हणायचे, "शिकन ते. आमगावची हाय, तिथं रेती पुडीत भेटते."

होळीच्या आसपास पहिलं फळ उतरायचं. मामाजी बोटानं टिचकी मारून कान लावायचे, आणि एखादं फळ दोन-दोन दिवस ऐकून सोडून द्यायचे. पहिलं टरबूज कापलं की त्याचा मधला गाभा, ज्यात बी नसते तो, ते मला द्यायचे. माझ्या माहेरी तो गाभा भावांचा असायचा. पहिल्या साली मी म्हटलं, "मामाजी, हे तुमच्या पोराला द्या." ते म्हणाले, "त्यानं का खड्डे उकरले?" मला त्या दिवशी रडू आलं होतं, ते मी पाण्यानं तोंड धुवून लपवलं. आज सांगायला काही हरकत नाही, तसं प्रेम मला बापाच्या घरीही मिळालं नव्हतं.

पुढे ग्रामपंचायतीची निवडणूक आली. आमच्या वॉर्डाची जागा बायकांसाठी राखीव निघाली. मी शिकलेली, त्यात जीभ तिखट, म्हणून लोकांनी मला उभी केली आणि मी निवडून आले. आमच्याकडे निवडून आलेल्या बाईच्या खुर्चीवर तिचा नवरा बसतो. माझा नवरा एकदा बसायला गेला, तर मामाजींनी त्याला ग्रामपंचायतीतून उठवून आणला. "लोकाईच्या बोटाले शाई तिच्या नावानं लागली, तू कायले बसून रायला तिथं?" म्हणाले. त्यानंतर कोणी माझ्या खुर्चीला हात लावला नाही.

दुसऱ्या वर्षी तहसीलचं पत्र आलं. आमच्या गावचा रेतीघाट, म्हणजे नदीतली रेती उपसायची जागा, लिलावात काढायचा होता, त्याला ग्रामसभेचा ठराव पाहिजे. ठरावाशिवाय घाट देता येत नाही, असा नियम. गावात दोन तट पडले. एक म्हणायचा, घाट दिलाच नाही पाहिजे. दुसरा म्हणायचा, नाही दिला तरी रेती चोरून जाणारच आहे, रोज पहाटे ट्रॅक्टर निघतात ते का आपल्याला दिसत नाहीत? त्यापेक्षा रीतसर दिला तर ग्रामपंचायतीला हिस्सा येईल, नाली होईल, रस्ता होईल. मी दुसऱ्या बाजूची. चोरापेक्षा नियम बरा, असं माझं साधं गणित होतं. मात्र वाड्यांना धक्का लागता कामा नये, हेही माझंच म्हणणं होतं. वाडी गेली तर मामाजींचं काय, हे मला सांगायला कोणी नको होतं.

मी नियम वाचून काढले. तलाठ्यांच्या घरी जाऊन त्यांच्या मागे लागले, कागद मागितले, समजलं नाही ते विचारलं. पुलापासून किती अंतर सोडायचं, पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून किती सोडायचं, किती खोल खणायचं, पावसाळ्यात बंद, सूर्य मावळला की बंद. सगळं लिहिलेलं. मला फार बरं वाटलं. विहिरीला जशी जागा सोडतात तशी वाडीला सोडता येईल, फक्त नीट लिहून द्यायला पाहिजे. मी टेप घेतला, ग्रामसेवकाला सोबत घेतलं आणि नदीत उतरले. स्मशानभूमीच्या वळणापासून विहिरीपर्यंत, आणि काठापासून आत दीडशे मीटर. त्या साली सगळ्या वाड्या बरोबर तेवढ्यात बसत होत्या. मी चारही कोपऱ्यांना काठ्या रोवून त्यांना लाल फडकी बांधली.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. मी उभी राहून ठराव वाचला. एवढा भाग टरबूज-डांगराच्या वाड्यांसाठी कायम राखून उरलेल्या भागाच्या लिलावास ही सभा शिफारस करीत आहे. 'कायम' हा शब्द माझा. ग्रामसेवक म्हणाले होते, ताई, राखीव एवढंच लिहा, पुरे आहे. मी म्हटलं, नाही, कायम पाहिजे, उद्या कोणी हलवलं तर? आमच्या सभेत एरवी कोणी कोणाचं ऐकत नाही, बायका उभ्या राहिल्या की मागून शिट्ट्या येतात. त्या दिवशी सगळं पटांगण गप्प राहून ऐकत होतं. वाचून झालं आणि पहिला हात वर गेला तो मामाजींचा. मग वाडीवाल्यांचे, मग सगळ्यांचे. मंजूर.

घरी येताना माझे पाय जमिनीवर नव्हते. मामाजी पुढे चालत होते. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या सुनेनं लिवला ठराव. साहेबाले बी खोडता नाई येनार."

खोडायचं कोणाला कारणच नव्हतं. पाहणी झाली, तीन सालांसाठी लिलाव झाला. सिमेंटचे खांब आले आणि माझ्या लाल फडक्यांच्या जागी पक्के ठोकले गेले. पहिलं साल छान गेलं, ते कबूल केलं पाहिजे. खांबांच्या पलीकडे ट्रॅक्टर, अलीकडे वेल. ठेकेदाराच्या माणसांनी आमच्या वाडीत पाऊल टाकलं नाही, उलट डांगरं विकत घेऊन गेले. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते खांब दाखवायची. भाऊ आमगावहून आला तर त्यालाही नेऊन दाखवले. मामाजी खांबाला टेकून बिडी ओढायचे.

त्या पावसाळ्यात नदीला दोन मोठे पूर आले. पाणी ओसरलं तेव्हा नदी आमच्या काठाला लागून वाहत होती. वळणापासून विहिरीपर्यंत, काठापासून आत दीडशे मीटर, सगळं पाणीच पाणी, कंबरेच्या वर. खांबांची नुसती डोकी दिसत होती. आणि रेती उघडली होती त्यांच्या पलीकडे, नदीच्या मधोमध, लांबच लांब, पांढरी, इतकी चांगली रेती मी त्या आधी पाहिली नव्हती. सगळी लिलावाच्या हद्दीत.

तुळशीच्या लग्नानंतर वाडीवाले बांबू घेऊन आले आणि काठावर उभे राहिले. नदी दर साली सरकते. दर साली पाण्याची कड पाहून मोजणारी ही माणसं, आणि मी, सगळ्यांनी मिळून नदीला एका जागेवर लिहून दिलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कोणी मला बोललं नाही. बोलले असते तर मी दोन शब्द परत बोलले असते आणि मोकळी झाले असते.

मी दुसऱ्या दिवशी तहसीलला गेले. तिथले साहेब भले माणूस होते, त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, फाइल काढली. मी म्हटलं, "साहेब, वाड्या पाण्यात गेल्या. रेती तिकडं निघाली. तेवढे खांब तिकडं सरकवा."

ते म्हणाले, "मॅडम, खांब आम्ही नाही ठरवले. तुमच्या ग्रामसभेने ठरवले. हे पाहा, चारही बाजू, अंतरं, सगळं तुम्हीच दिलंय. असा नेमका ठराव फार कमी गावांकडून येतो."

"पण नदी सरकली."

"करारात नदी सरकत नाही ना. मुदत संपू द्या, पुढच्या लिलावाआधी नवा ठराव करा. आज मी एक खांब हलवला तर ठेकेदार मला कोर्टात नेईल."

खरं बोलत होते. मला कोणावर तरी ओरडायचं होतं आणि ओरडायला माणूसच सापडेना. मी आणखी तीनदा गेले. गोंदियाला जिल्ह्याच्या ऑफिसातही गेले. सगळीकडे माझाच कागद माझ्यासमोर ठेवायचे. ठेकेदाराला जाऊन भेटले, तो म्हणाला, "दीदी, आप ही ने तो लिख के दिया है." तिथून निघाले आणि बस येईपर्यंत स्टँडवर रडत बसले.

मुदत संपेपर्यंत त्या मधल्या रेतीत हात-हात खोल खड्डे पडले, आणि खाली निघाली ती चिकण माती आणि गोटे. त्यात मुळं शिरत नाहीत, वेल येत नाही. पुढच्या पाहणीत घाट लिलावाला अयोग्य ठरला आणि बंद झाला. तेव्हा नव्या ठरावाची गरजच राहिली नव्हती. वाडीवाल्यांपैकी कोणी मिलमध्ये गेलं, कोणी नागपूरला. एकाने खरंच आमच्या काठच्या गोट्यांमध्ये बिया लावून पाहिल्या, चार वेल आले आणि करपले.

मामाजी दोन थंड्या सकाळी उठून काठावर जाऊन यायचे. आल्यावर मी विचारायची, "कायले गेले होते, मामाजी?" ते म्हणायचे, "असाच." राखेत ठेवलेलं बियाणं त्यांनी तिसऱ्या साली एका नातेवाइकाला देऊन टाकलं, त्याच्या गावी अजून रेती होती. मग नवऱ्याला गोंदियाला राइस मिलमध्ये काम लागलं आणि आम्ही फुलचूरला आलो. शेत ठेक्याने दिलं. मामाजींना इथं करायला काही नव्हतं. ते फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे, ओळखीचं कोणी दिसलं की गावचं विचारायचे, नदीचं मात्र कधी विचारायचे नाहीत. त्यामुळे मीही कधी काढलं नाही. सहा-सात वर्षं आम्ही एका घरात राहून नदीबद्दल बोललो नाही.

त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी बाजारातून टरबूज आणलं, हिरवंगार, लांबट, बाहेरगावाहून ट्रकने येतं ते. कापलं आणि गाभा त्यांच्या ताटलीत ठेवला. त्यांनी खाल्लं आणि म्हणाले, "पाणी हाय नुसतं." मला राहवलं नाही. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं. म्हटलं, "मामाजी, माझ्यामुळे वाडी गेली तुमची. मी ती जागा लिहून द्यायला नको होती."

त्यांनी ताटलीतल्या बिया वेचून एका कडेला केल्या. मग म्हणाले, "मले त त्याच दिशी मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"का नदी सरकन म्हून. दोन-तीन सालाच्या वर थे एका जागी रायतच नाई. तू जागा लिवाले नोको होती. दर साली रेती उघडली का पयले वाड्या, मंग घाट, एवढंच लिवाचं होतं."

एका ओळीचं काम होतं. मी म्हटलं, "मग तुम्ही सभेत बोलले काऊन नाही? तुम्हीच तर पहिला हात वर केला."

"तू बोलून रायली होती, आन् अख्खा गाव चूप बसून आयकून रायला होता. बाईमाणसाचं असं कोनी आयकलं नोतं आमच्या गावात. त्यात मी उभा रायलो असतो का, बाई चुकली तू? मंग तुले पुढं कोन आयकलं असतं?" त्यांनी ताटली बाजूला सारली. "वाटलं, मी हाय तवापर्यंत नाई सरकनार नदी."

त्यानंतर पावसाळ्यात ते गेले. मला लोक अजून मान देतात. गावी गेले की जुने सदस्य म्हणतात, ताई, तुमच्यासारखं बोलणारं कोणी आलं नाही नंतर. मला ते ऐकवत नाही. मामाजींनी त्या दिवशी भर सभेत उभं राहून मला मूर्ख म्हटलं असतं तरी चाललं असतं. मागून शिट्ट्या आल्या असत्या, मी घरी येऊन दोन दिवस तोंड फुगवून बसले असते, त्यांच्याशी बोलले नसते. तिसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर त्यांच्या मागोमाग रेतीत गेलेच असते.